मलिक अंबरचं दप्तर

मेसच्या बोर्डावर दर महिन्याला जो कागद लागतो त्यात तीन शब्द ठळक असतात. जमा, खर्च आणि बाकी. त्यातला शेवटचा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या नावापुढे कायमचा चिकटलेला असतो, ते सोडा! पण हे तिन्ही शब्द मूळचे अरबी आहेत हे कधी डोक्यात आलंय? हजेरी, रजा, दाखला, अर्ज, नक्कल, वसूल, महसूल, तहसील, जिल्हा, तालुका, तारीख... हे सगळे तिकडचेच. सकाळी आठच्या लेक्चरच्या हजेरीपासून ते स्कॉलरशिपसाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यापर्यंत सगळा कारभार आपण अस्सल मराठीत करतो आणि त्यातले निम्मे शब्द समुद्रापलीकडून आलेले असतात. एवढे शब्द नुसते वाऱ्यावर उडत येत नाहीत. त्यांच्याबरोबर कामाची पद्धत येते आणि ती पद्धत चालवणारी माणसंही येतात. त्यातल्याच एका माणसाबद्दल मला लिहायचं आहे.

मलिक अंबर. शाळेच्या पुस्तकात हा दोन ओळींत भेटायचा. निजामशाहीचा वजीर, गनिमी काव्याने मुघलांशी लढला, संपलं. प्रश्नाला मार्कही दोनच. मी सिव्हिलचा विद्यार्थी. मराठवाड्यात टूरला गेलो तेव्हा तिथल्या जुन्या नहरींबद्दल ऐकलं आणि हा माणूस पुन्हा समोर आला. मग लायब्ररीत जे मिळेल ते वाचत गेलो आणि सबमिशन सोडून यातच रमलो.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहान वयातच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला आणि तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात विकला गेला. हे तेच मोखा, ज्याच्या नावाची कॉफी आज मॉलमध्ये मिळते. पीटर व्हॅन डेन ब्रुक नावाचा एक डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला दख्खनमध्ये भेटला होता. त्याने ही विक्रीची किंमतही लिहून ठेवली आहे, ऐंशी गिल्डर. माणसाच्या जन्माची तारीख नक्की माहीत नाही, पण त्याचा भाव माहीत आहे. मला ही गोष्ट वाचताना फार टोचली.

पुढे तो बगदादला गेला. तिथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. गुलामाला शिकवायचं म्हणजे काही उपकार नव्हे, शिकलेल्या गुलामाचा उपयोग आणि भाव दोन्ही वाढतात. पण अंबर शिकला तो बगदादसारख्या शहरात, हे महत्त्वाचं. कारण राज्य चालवण्यासाठी वही लागते, ही गोष्ट त्या भागात जवळजवळ हजार वर्षं मुरलेली होती. थोडं मागे जाऊन हे सांगायला हवं.

पैगंबरांनंतरचे दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात, म्हणजे इ.स. ६३४ ते ६४४ मध्ये, अरबांचं राज्य दहा वर्षांत इराक, सीरिया, इजिप्तपर्यंत पसरलं. लुटीचा आणि कराचा पैसा मदिनेत येऊ लागला. त्याचं वाटप करायचं कसं? उमर यांनी सैनिकांच्या नावांची आणि त्यांच्या नेमणुकीची नोंदवही सुरू केली. तिला म्हणत दिवाण. आपल्याकडे दिवाण म्हणजे आधी संस्थानचा कारभारी झाला आणि नंतर बसायचं फर्निचर, पण मुळात ती वही होती! दुसरा प्रश्न जमिनीचा. जिंकलेली इराकची सुपीक जमीन आपल्यात वाटून द्या, असा सैनिकांचा आग्रह होता. उमर यांनी तो मानला नाही. जमीन कसणाऱ्याकडेच ठेवली आणि तिच्यावर खराज म्हणजे शेतसारा बसवला. त्यासाठी उस्मान इब्न हुनैफ यांना पाठवून जमीन मोजून घेतली. पिकाप्रमाणे दर वेगळा ठेवला. आणि गंमत म्हणजे, इराकमधली दप्तरं पुढची पन्नासेक वर्षं फारसीत आणि सीरियातली ग्रीक भाषेतच राहिली, जुनेच कारकून तीच वही पुढे लिहीत राहिले. सातव्या शतकाच्या अखेरीस खलिफा अब्दुल मलिक यांच्या काळात दप्तरं अरबीत आली. राज्य जिंकणं वेगळं आणि चालवणं वेगळं, हे त्या लोकांना लवकर कळलं होतं.

पुढे बगदाद वसलं आणि खलिफा हारून अल् रशीदच्या काळात काझी अबू यूसुफ यांनी खराज या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यात दोन मुद्दे मोठे आहेत. पहिला असा की जमिनीच्या मापावर ठरावीक सारा घेण्यापेक्षा प्रत्यक्ष आलेल्या पिकाचा हिस्सा घ्यावा, म्हणजे वाईट वर्षात शेतकरी मरत नाही. दुसरा, वसुलीचा मक्ता देऊ नये. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरतो आणि रयतेकडून वाटेल तेवढी ओरबाडतो. हे अबू यूसुफ ७९८ मध्ये वारले. अंबरने त्यांचं पुस्तक वाचलं होतं असा माझा दावा नाही. पण हे दोन मुद्दे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

बगदादहून अंबर दख्खनमध्ये आला, १५७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान मंगोल नव्हे, हा स्वतःच एकेकाळचा हबशी गुलाम होता आणि त्याच्याकडे असे हजारभर हबशी होते. आपल्यासारखाच विकला गेलेला माणूस राज्याचा कारभार हाकतो आहे, हे अंबरने तिथे रोज पाहिलं. चंगेजखान १५७४-७५ मध्ये मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. तेव्हा त्याचं वय पंचविशीच्या पुढे. हातात ना जहागीर, ना नोकरी. आपण ज्याला कॅम्पस नाही मिळालं म्हणतो तशी अवस्था! पुढची वीस वर्षं तो नोकरीसाठी फिरत राहिला. त्यात काही काळ विजापूरच्या आदिलशाहीतही होता आणि मलिक हा किताब त्याला तिथेच मिळाला. आपलं मिरजही तेव्हा आदिलशाहीतच होतं. विजापूरला पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या मध्याआधीच महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत सुरू करून ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले होते. इराकमध्ये जे झालं होतं त्याच्याच जातीची ही गोष्ट, कारण गावाची खडान्खडा माहिती ज्याला आहे त्याच्याशिवाय वसूल होतच नाही.

१५९५ मध्ये अंबर नगरला परतला. दीडशे घोडेस्वारांचा नायक, एवढीच त्याची ऐपत. त्याच सुमारास अकबराच्या फौजा आल्या, चांदबिबीने किल्ला लढवला. १६०० मध्ये मात्र चांदबिबी मारली गेली आणि किल्ला पडला. राजधानी गेली, राजा कैदेत गेला. नकाशावरून निजामशाही पुसलीच होती म्हणा ना. पण गावं शिल्लक होती. अंबरने राजघराण्यातला एक मुलगा शोधला, त्याला परांड्याला गादीवर बसवलं, स्वतःची मुलगी त्याला दिली आणि वजीर म्हणून कारभार सुरू केला. पन्नाशी उलटलेला हा माणूस पुढे सव्वीस वर्षं मुघलांना पुरून उरला.

गनिमी काव्याचं वर्णन मी करत बसत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. हलके मराठा घोडेस्वार, रसद तोडणं, रात्रीचे छापे, डोंगरात गुंगारा. हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे पाठ करावे लागतात ते रहीम म्हणजे मुघल सेनापती अब्दुर रहीम खान-इ-खानान. त्यांची दख्खनमधली अनेक वर्षं याच अंबरशी लढण्यात गेली! पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० च्या सुमारास लिहितो की अंबरकडे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी फौज होती. पन्नास हजार माणसं. आपल्या हॉस्टेलच्या चारशे पोरांचं जेवण सांभाळताना मेस सेक्रेटरीच्या तोंडाला फेस येतो. मग राजधानी गमावलेल्या राज्यात इतक्या माणसांना आणि घोड्यांना कुठून घातलं असेल?

उत्तर आहे शेतसारा. तेव्हा वसुलीची सोपी पद्धत म्हणजे इजारा. जो जास्त बोली लावेल त्याला परगण्याची वसुली द्यायची. सरकारला रक्कम आधीच कळते, डोक्याला ताप नाही. पण इजारदाराची मुदत एखाद्या वर्षाची, मग पुढच्या वर्षी कुणब्याकडे बैल राहतोय की नाही याच्याशी त्याला काय देणंघेणं? मेसचा कॉन्ट्रॅक्टर शेवटच्या महिन्यात कशी डाळ वाढतो ते आठवा, म्हणजे कळेल. त्यात सततची लढाई. दोन्हीकडच्या फौजा पीक तुडवणार, लोक गाव सोडून परागंदा होणार आणि जमीन पडीक. पडीक जमीन ना सारा देते, ना घोड्याला वैरण.

अंबरने इजारा बंद केला. वसुलीचं काम ब्राह्मण कारकुनांकडे दिलं आणि त्यांच्यावर देखरेखीला मुसलमान अधिकारी नेमले. पाटील, कुलकर्णी आणि गावगाड्याची विस्कटलेली घडी पुन्हा बसवली, वतनं चालू केली. जमिनीची पाहणी करून प्रत लावली. आधी काही वर्षं प्रत्यक्ष पिकाचा हिस्सा धान्यात घेतला, साधारण पाचात दोन वाटे असं सांगतात. काही हंगामांचा अनुभव गाठीशी आल्यावर त्याची रोख रक्कम ठरवली आणि ती उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांश पडे. ती रक्कमही दरसाल कायम नव्हती. त्या वर्षी किती जमीन लागवडीखाली आली ते बघून ठरायची. लागवड कमी, तर सारा कमी.

आपल्या भाषेत सांगायचं तर मेंबरची कपॅसिटी न बघता वर्षानुवर्षं तोच लोड टाकला तर एक दिवस तो क्रॅक होणारच. अंबरने लोड कपॅसिटीला बांधला. अकबराचा तोडरमल याच्या आधी उत्तरेत मोजणी करून दहा वर्षांच्या सरासरीवर सारा ठरवत होता, तोही मोठा माणूस. पण तोडरमलच्या पाठीशी हिंदुस्थानचा बादशहा आणि शांतता होती. अंबरकडे मोजणीदारांना दोन वर्षं शांतपणे साखळी धरून फिरू देण्याइतकी स्वस्थता नव्हती, म्हणून बऱ्याच ठिकाणी नजरपाहणीवर आणि गावकऱ्यांच्या सांगण्यावर भागवलं. माझ्या मते तेच त्याचं मोठेपण आहे. पिकाचा हिस्सा घ्या आणि मक्ता देऊ नका, हे अबू यूसुफ यांचे दोन्ही मुद्दे आठशे वर्षांनी भीमा-गोदावरीच्या काळ्या रानात उतरले. ते अंबरच्या डोक्यात बगदादमध्ये रुजले, चंगेजखानाच्या कचेरीत की परांड्याच्या उपाशी गावांनी शिकवले, कोण सांगणार? पण गाव टिकलं की घोडा टिकतो आणि घोडा टिकला की राज्य, हे गणित त्याने बरोबर सोडवलं होतं.

तो संत होता असं मात्र कुणी समजू नये. राजू दख्खनी नावाचा बरोबरीचा सरदार आडवा आला, तेव्हा अंबरने त्याला पकडून कैदेत टाकलं आणि पुढे मारलं. ज्या राजाला गादीवर बसवलं, मुलगी दिली, तोच विरोधात जातो आहे असं दिसल्यावर १६१० मध्ये त्याला विष घातलं गेलं. पाच वर्षांचा पोरगा नवा राजा झाला. ज्याचं स्वतःचं बालपण विकलं गेलं त्याने हे करावं, याचं मला वाईट वाटतं. पण जमेच्या पानावर लिहायचं तर हेही लिहायलाच हवं.

त्याच १६१० मध्ये त्याने खडकी या गावी नवीन राजधानी वसवली. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत मुघलांनी त्याला हरवलं आणि खडकी लुटून जाळली. जहांगीर बादशहाने तर अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्रही काढून घेतलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात दोघांची रणांगणावर कधी गाठच पडली नाही. मुंडकं अंबरच्या धडावरच होतं आणि तो जळालेल्या शहराला पाणी कुठून आणायचं या विचारात होता.

इथे माझ्यातला सिव्हिलवाला जागा होतो. खडकीच्या आसपास मोठी नदी नाही. उत्तरेला डोंगर आहेत आणि त्यांच्या पायथ्याला जमिनीत झिरपलेलं पाणी आहे. हर्सूलच्या बाजूला अंबरने जमिनीखालून बोगद्यासारखी नहर खोदली. झिरपा तिच्यात गोळा होणार आणि नुसत्या उतारावर शहरापर्यंत येणार. पंप नाही, मोट नाही. ठरावीक अंतरावर वर उघडणारी विहिरीसारखी तोंडं ठेवली, शंभरावर. त्यातून हवा खेळते, गाळ काढता येतो आणि खोदताना माती बाहेर काढायलाही तीच वाट. शहरात आल्यावर खापरी नळ आणि दगडी मनोरे. पुण्याच्या कात्रज नळाला ज्यांना उच्छ्वास म्हणतात त्याच जातीची ही सोय, नळातला दाब आणि अडकलेली हवा मोकळी करणारी. ही विद्या मूळ इराणकडची, आणि नगरला खापरी नळ आधीपासून होतेच. पण उतार किती द्यायचा याचं गणित आज आपण ऑटो लेव्हल लावूनही चुकतो, तिथे १६१७-१८ च्या सुमारास जमिनीखाली अंधारात हे साधलं. शहर पुढे वाढत गेलं तरी ही नहर शतकानुशतकं वाहत राहिली. (टूरवाल्यांसाठी सूचना : पाणचक्की मलिक अंबरची नाही. तिची नहर वेगळी आणि पुढच्या काळातली आहे.)

पाण्याचा दुसरा उपयोग त्याने १६२४ मध्ये केला. मुघल आणि आदिलशाही दोन्ही फौजा एक होऊन त्याच्यावर चालून आल्या. नगरजवळ भातवडीला मेहेकरी नदीवर तलाव होता. अंबरने त्याचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल, तोफा रुतल्या, रसद भिजली आणि नेमक्या त्याच वेळी छाप्यांवर छापे. पाण्यापुढे कुणाचं चालत नाही हे २००५ आणि २०१९ पाहिलेल्या सांगलीकरांना मी सांगायला नको. या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. दोन वर्षांनी, १६२६ च्या मे महिन्यात अंबर वारला. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. मुघलांचाच इतिहासकार मुतमदखान याने या शत्रूच्या कारभाराचं आणि युद्धकौशल्याचं तोंडभरून कौतुक करून ठेवलं आहे. बादशहा जिवंत असताना शिव्या देत होता आणि त्याच दरबारातला माणूस नंतर हे लिहितो!

त्याच्यामागे राज्य दहा वर्षंच टिकलं. मुलगा फतेहखान याने खडकीचं नाव बदलून फतेहनगर ठेवलं, आपल्याच राजाला मारलं आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मुघलांच्या हवाली केला. १६३६ मध्ये निजामशाही संपली. शहराचं नाव पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झालं आणि २०२३ पासून ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आहे. अंबरची कबर तिथून जवळच खुलताबादला आहे.

दप्तर मात्र राजाबरोबर पुरलं गेलं नाही. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी उजाड झालेली गावं पुन्हा वसवली तेव्हा आधार घेतला तो मलिकंबरी धाऱ्याचा. शिवाजी महाराजांच्या राज्यातही सुरुवातीला तोच पाया होता, पुढे अण्णाजी दत्तोंनी नवी मोजणी केली. आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर ग्रँट डफ हा इंग्रज आपल्या शेजारी साताऱ्याला पोलिटिकल एजंट म्हणून आला. जुनी कागदपत्रं जमवत, लोकांना विचारत त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि त्यात मलिक अंबरच्या महसूल पद्धतीचं बारकाईने वर्णन केलं. त्याच काळात पुण्याकडे गावोगाव साऱ्याची चौकशी करत फिरणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांतही जुन्या दराच्या संदर्भात मलिक अंबरचं नाव येतं. डफचं पुस्तक छापलं गेलं १८२६ मध्ये, अंबरला जाऊन बरोबर दोनशे वर्षं झाली त्या वर्षी.